तपकिरी कागद

नोव्हेंबरात लोक हात पुढे करतात.
बँकेच्या दारात, पेट्रोलपंपावर, चर्चच्या पायरीवर:
"वेन्डेल, तुझ्या सेवेबद्दल आभार."
मी "हं" म्हणतो. यावर काय म्हणायचं
ते सैन्यात कुणी शिकवलं नाही.
मी ट्रक चालवायचो, बलाद ते मोसुल.
पाणी, टायर, टपाल,
आणि कधी, परतीच्या फेरीत,
झाकून आणायचं ते.

घरी आल्यावर फ्रेमचं दुकान टाकलं.
एक पट्टी पंचेचाळीस अंशांत कापायची,
दुसरीही तशीच.
दोन तिरके काप भिडले की काटकोन होतो.
तिरक्याचं सरळ होताना
एवढ्या स्वस्तात कुठे बघायला मिळतं?

दोन हजार आठला गिअरबॉक्सच्या कारखान्याला कुलूप लागलं.
ओहायोत तेव्हा अशी कुलपं बरीच विकली गेली.
ज्याचं घरच बँक घेऊन चाललीय
तो लग्नाचा फोटो काचेत कशाला घालेल?
रोझलिनला कामावरून कमी केलं. ती रडली नाही,
झाडू जागेवर ठेवून गेली.
पाटीवरचा दिवा बंद केला, मग हीटर,
मग मी हातमोजे घालून काच कापायला शिकलो.
भवानी व्हायची नाही असे आठ-आठ दिवस.
आभार मात्र रोख मिळायचे,
रस्त्यात थांबवून.

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
मिसेस ओडेसा ग्रिम्सली यायच्या,
काठी, मग टोपी, मग त्या.
पिशवीतून काढायच्या:
बियांचं रिकामं पाकीट. एका कुत्र्याचा फोटो,
अर्धा कुत्रा, अर्धा अंगठा.
मेपलचं पान. कुणाचं तरी तिसरीचं प्रगतिपुस्तक.
एकदा वर्तमानपत्रातलं शब्दकोडं,
तेही अर्धवट सोडवलेलं.
"हे फ्रेम करायचंय?"
"ओकच्या लाकडात. आणि चांगली काच लाव,
कंजूषपणा नको."
कोटाच्या खिशातल्या नोटा ऊबदार असायच्या.
मी मनात म्हणायचो, म्हातारीचं डोकं फिरलंय,
आणि त्या पैशांतून विजेचं बिल भरायचो.

आभार त्यांनी कधी मानले नाहीत.
युद्धाचं एकदाच विचारलं,
सुट्टे पैसे मोजता मोजता:
"तिकडे रात्री थंडी पडते का रे?"
पडते म्हटलं.
त्यांनी मान हलवली, जणू कुणाला तरी
ते कळवायचं राहिलं होतं.

दुकान टिकलं. कसं, ते मला नीट सांगता येत नाही.
टॅम्सिनच्या रात्रपाळ्या, घरमालकाचा आळस,
आणि शाळेने एकदम सांगितलेल्या चाळीस फ्रेमा.
दोन हजार तेराच्या मार्चमध्ये मिसेस ग्रिम्सली गेल्या.
पुतण्याचा फोन आला:
"तुमच्या दुकानाचा शिक्का आहे, घेऊन जाता का?"

त्यांच्या घरच्या भिंतींवर
एक कॅलेंडर, एक खिळा.
कपाटामागे एकतीस पुडकी,
तपकिरी कागद, माझी सुतळी,
माझी गाठ, ताडपत्री बांधायची,
बलादला शिकलेली.
एकही सुटलेली नाही.
पुतण्या म्हणाला, आत्याचा भाऊ कोरियाहून आला होता,
घड्याळदुरुस्तीचं दुकान काढलं, दोन वर्षांत बुडालं.
पुढचं तो बोलला नाही,
मीही विचारलं नाही.

प्रत्येक पुडक्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने
महिना, आणि खाली:
"अजून उघडं आहे."

तीस पुडकी तशीच आहेत, दुकानाच्या मागच्या फळीवर.
एक सोडलं. सुरी न वापरता, गाठ उलगडून.
शब्दकोडं निघालं. गल्ल्यामागे लावलंय.
गिऱ्हाईक नसलं की बघत बसतो.
उभा सतरा, सहा अक्षरी,
पहिलं अक्षर त्यांनी भरलंय.
पुढची पाच
मला अजून येत नाहीत.